मनिला : शहर एकाचं, बंदर दुसऱ्याचं

आजच्या भागात फिलिपिन्सच्या मनिला बंदराविषयी बोलू या. मी फौजेतला माणूस. नकाशा समोर आला की मला आधी दोनच प्रश्न पडतात. आत यायची वाट कुठली? आणि रसद कुठून येणार? हे दोन प्रश्न हातात धरले की मनिलाचा इतिहास सहज उलगडतो.

आधी भूगोल पाहू. लुझॉन हे फिलिपिन्सचं सर्वांत मोठं बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मनिलाचा उपसागर आहे. क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस किलोमीटर, पण तोंड जेमतेम १९ किलोमीटर रुंद. तोंडाच्या उत्तरेला बातानचं डोंगराळ द्वीपकल्प, दक्षिणेला काविते प्रांत आणि मधोमध कॉरेगिडॉर हे छोटं बेट. शहर आत, पूर्व किनाऱ्यावर, पासिग नदीच्या मुखाशी. ही नदी फक्त २५ किलोमीटरची, पण ती लागुना दे बाय या मोठ्या सरोवराला समुद्राशी जोडते. म्हणजे जहाजांना आडोसा मिळतो आणि मागच्या मुलखातला माल होडीने थेट धक्क्यावर येतो.

अशी जागा ओस कशी राहील? लागुना भागात सापडलेल्या एका ताम्रपटावर शके ८२२, वैशाख महिना अशी कालगणना आहे. म्हणजे इसवी सन ९००. भाषा जुनी मलय, त्यात संस्कृत शब्द, आणि मजकूर कर्जमुक्तीचा. आपल्या पंचांगातला शक तिथे व्यवहाराच्या लेखात वापरला जात होता. १५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगाझ्पी आला, तेव्हाही इथल्या सत्ताधीशाला ‘राजा’ सुलेमान म्हणत.

स्पॅनिशांनी नदीमुखाशी तटबंदीचं शहर बांधलं, इंट्रामुरोस. पुढे १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यात मोठी व्यापारी जहाजं ये-जा करत होती. चीनचं रेशीम तिकडे जाई आणि मेक्सिकोची चांदी इकडे येई. जहाज बुडालं की शहरातल्या व्यापाऱ्यांचं वर्षच बुडे.

आता तटबंदीची परीक्षा बघा. १७६२ मध्ये ब्रिटिश आरमार निघालं ते आपल्या मद्रासहून, सोबत हिंदी शिपाई घेऊन. युद्ध जाहीर झाल्याची अधिकृत खबरसुद्धा मनिलाला पोचली नव्हती. ब्रिटिश सैन्य शहराच्या दक्षिणेला उतरलं आणि दोन आठवड्यांच्या आत शहर पडलं. १७६४ मध्ये ब्रिटिश परत गेले, पण काही हिंदी शिपाई तिथेच राहिले. मनिलाजवळच्या काइन्ता गावात त्यांचे वंशज आजही सांगितले जातात.

१८९८ मध्ये अमेरिकेचा कमोडोर ड्यूई रात्रीच्या अंधारात कॉरेगिडॉरच्या बाजूने आत शिरला. १ मे रोजी दुपारपर्यंत कावितेजवळचं स्पॅनिश आरमार संपलं होतं.

अमेरिकनांनी यातून धडा घेतला. उपसागराच्या तोंडावरची बेटं त्यांनी जड तोफांनी भरून टाकली. एका खडकाळ बेटावर तर काँक्रीट ओतून त्याची युद्धनौकाच बनवली. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्याचा मुख्य भाग उतरला उत्तरेला, लिंगायेनच्या आखातात, आणि जमिनीवरून चालत आला. २ जानेवारी १९४२ ला मनिला शहर त्यांच्या हाती गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शहर जपानचं झालं, तरी बंदर झालं नाही. कॉरेगिडॉरच्या तोफा शाबूत होत्या, त्यामुळे चार महिने जपानी जहाजांना उपसागर वापरता आला नाही. तोफांनी त्यांचं काम चोख केलं. कमी पडली ती रसद. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेचं आरमार मदतीला येऊ शकत नव्हतं. बातानमधले फिलिपिनो आणि अमेरिकन सैनिक जानेवारीपासूनच अर्ध्या शिध्यावर होते. भूक आणि मलेरियाने खंगून ९ एप्रिलला त्यांनी शस्त्रं ठेवली. मग बातानच्या किनाऱ्यावरून जपानी तोफांनी कॉरेगिडॉर भाजून काढलं. ६ मे रोजी तेही पडलं.

याची खरी किंमत नागरिकांनी मोजली. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य परतलं, तेव्हा महिनाभर गल्लीगल्लीत लढाई झाली. जपान्यांनी केलेल्या कत्तली आणि अमेरिकन तोफांचा मारा यांत सुमारे एक लाख नागरिक मेले. इंट्रामुरोसचा ढिगारा झाला. १६०७ मध्ये पूर्ण झालेलं सान आगुस्तिन चर्च तेवढं उभं राहिलं.

आज या गोष्टीशी आपलाही संबंध आहे. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने भारताकडून किनाऱ्यावरून जहाजांवर डागायची ब्रह्मोस क्षेपणास्त्रं घेण्याचा करार केला, आणि पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. पूर्वी तोफ तोंडाशी राखण करायची, आता तीच राखण क्षितिजापलीकडून होईल. ही मोठी ताकद आहे, पण माझ्यासारखा पायदळातला माणूस त्यापुढे एक ओळ जोडेल. दारावरचा पहारेकरी कितीही शूर असो, त्याच्या ताटात भाकरी पोचवणारी वाट मोकळी राहिली, तरच तो टिकतो. सुमारे अकरा हजार किलोमीटरचा किनारा राखणाऱ्या आपल्या देशालाही हे तितकंच लागू आहे.