लाकडी पट्टीवरची वीज

पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या जुन्या घराच्या वसरीत उभे राहून वर पाहा. त्या घरात वीज कशी आली आणि पुढे कशी वाढत गेली, हे भिंतीवर वाचता येते. दाराच्या चौकटीला धरून एक बोटभर रुंदीची सागवानी पट्टी गेलेली असते, रंगाचे अनेक हात बसलेली. तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी दाबलेली काळपट वायर, आणि पट्टी संपते तिथे गोल लाकडी ब्लॉकवर खटक्याचा काळा बेकेलाइटचा स्विच. हा पहिला थर. शेजारून प्लास्टिकची केसिंग-पट्टी धावते, एकेकाळी पांढरी, आता पिवळी पडलेली. हा दुसरा. मागच्या अंगाला सिमेंटने वाढवलेल्या न्हाणीघरात आणि बेडरूममध्ये पाइप भिंतीच्या पोटात गेलेले असतात. हा तिसरा. प्रत्येक पिढीने नवी वायर ओढली, आधीची मात्र कोणी काढली नाही. आणि बहुतेक घरांत या तिन्ही थरांची वीज एकाच मीटरमधून, कित्येकदा एकाच जुन्या मेन स्विचमधून येते.

घरे दीडशे-दोनशे वर्षांची असली तरी वायरिंग तेवढे जुने नाही. पोर्तुगीज अमलात वीज होती ती मोजक्या शहरांपुरती. गावांत रॉकेलचे दिवे होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये वीज खाते उभे राहिले. त्याच वर्षी पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर जन्माने पेडण्याचेच. त्यानंतरच्या काळात शेजारच्या राज्यांतून वीज घेऊन गावोगाव खांब उभे राहत गेले. म्हणजे ही घरे विजेचा विचारही नसताना बांधलेली आहेत. मातीच्या किंवा चिऱ्यांच्या जाडजूड भिंती, वर वासे आणि मंगळुरी कौले, मध्ये राजांगण. अशा भिंतीत खाचा मारल्या तर गिलावा ढासळतो, म्हणून वायर भिंतीवरूनच न्यायची, आणि ओलसर भिंतीला ती टेकू नये म्हणून मध्ये लाकडी पट्टी. त्या काळच्या वायरमनांचे काम मला मनापासून आवडते. रेषा सरळ, वळणे काटकोनात, जोड फक्त ब्लॉकमध्ये किंवा छताच्या रोझमध्ये, आणि सगळे डोळ्यांसमोर. बिघाड शोधायला भिंत फोडावी लागत नसे.

ते वायरिंग ज्या भारासाठी केले होते, तो भार आज कोणाला खरा वाटणार नाही. खोलीला एक ४० किंवा ६० वॉटचा बल्ब, देवघरात एक लहान दिवा, वसरीत पंखा, पुढे रेडिओ. सगळे एकदम लावले तरी घराचा प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास. आज न्हाणीघरातला २००० वॉटचा एक गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर. त्यावर इंडक्शन शेगडी, फ्रिज, विहिरीचा पंप. वायरमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ज्या तारेतून दोन अँपिअर जात होते तिच्यातून आठ गेले, तर उष्णता चौपट नव्हे, सोळापट होते. बल्ब पूर्वीसारखाच पेटत असतो, म्हणून घरातल्यांना काही बदलले आहे असे वाटतही नाही.

वायरच्या आत काय होते तेही पाहायला हवे. सर्वात जुन्या वायरींवर प्लास्टिक नव्हते. तांब्याच्या तारेवर गंधक घालून पक्के केलेले रबर असे, आणि त्यावर सुताची वीण किंवा जाड रबराचे आवरण. गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेला कथलाचा मुलामा दिलेला असे. जुनी तार खरवडली की ती चंदेरी दिसते, याचे कारण हेच. असे रबर उष्णतेने आणि हवेने हळूहळू कडक होते, मग ठिसूळ. गंमत अशी की हात न लावता पडून असलेली वायर वर्षानुवर्षे चालते. कोणीतरी पंखा बदलायला जातो, रोझमधली टोके वाकवतो, आणि रबराचे तुकडे पडून तांबे उघडे होते. जुन्या घरात ‘कालपर्यंत ठीक होते, वायरमन येऊन गेला आणि बिघडले’ अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हे असते. दोष त्या माणसाच्या हातात नसतो.

नंतरच्या वायरिंगची अडचण वेगळी आहे. तांबे महाग आणि आयातीवर अवलंबून, म्हणून पुढच्या काही दशकांत देशभर घरांतही ॲल्युमिनियमची वायर वापरली गेली. ॲल्युमिनियम वाईट धातू नाही, खांबांवरच्या तारा त्याच्याच असतात. त्याचे दुखणे जोडात आहे. ते उष्णतेने तांब्यापेक्षा जास्त फुगते, स्क्रूखाली दाबले की हळूहळू सरकते आणि जोड सैल पडतो. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नेत नाही. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. आणि त्याच ब्लॉकमध्ये कोणी नवी तांब्याची वायर ॲल्युमिनियमला पिळून वर टेप गुंडाळली असेल, तर पावसाळी दमटपणा दोन धातूंच्या मधला जोड खात राहतो. मोरजी-मांद्र्याच्या किनारपट्टीला खारी हवा त्यात भर घालते.

असा जोड तापत असल्याचा पहिला निरोप बहुतेक वेळा वासाने येतो. जुने होल्डर, स्विच, प्लग ज्या प्लास्टिकचे असतात ते तापले की जळक्या मासळीसारखा वास सुटतो. आपल्या घरांत दुपारी हा वास येणे यात कोणाला वावगे काय वाटणार? म्हणून मुद्दाम सांगतो. चूल थंड असताना, संकष्टीच्या किंवा सोमवारच्या दिवशी घरात मासळीचा वास आला, तर आधी स्विचबोर्डला हात लावून पाहा, गरम लागतो का.

मग फ्यूजकडे या. चिनी मातीचे पांढरे किटकॅट अजून शेकडो घरांत आहेत. त्यातली बारीक तार वितळते आणि वायर वाचते, एवढे साधे काम. पण गिझर लावला की फ्यूज उडतो, पुन्हा बांधला की पुन्हा उडतो, आणि शेवटी कोणीतरी वायरीतले दोन-तीन धागे काढून पिळून बांधतो. मग फ्यूज उडत नाही. तो उडायचा थांबला म्हणजे आता भिंतीवरची वायरच फ्यूज झाली, आणि ती सागवानी पट्टीवर, माडीच्या फळ्यांखाली आहे.

जुन्या बोर्डात आणखी एक गोष्ट असते, ती मला सर्वात जास्त अस्वस्थ करते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांवर एकेक फ्यूज. दुहेरी सुरक्षा वाटते, प्रत्यक्षात उलटे आहे. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवे विझतात, पंखे थांबतात, घरातल्यांना वाटते वीज गेली. पण फेज जिवंतच असतो, प्रत्येक होल्डरपर्यंत पोचलेला. अशा वेळी ‘लाइट नाही ना, मग काय’ म्हणून कोणी स्टुलावर चढून होल्डर उघडला तर २३० व्होल्टला हात लागतो. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज असू नये हा नियम आपल्याकडे कित्येक दशके आहे. तरी हे बोर्ड टिकून राहिले, कारण वीज जोडताना एकदा कंत्राटदाराचा चाचणी अहवाल दिला की मीटरच्या अलीकडे नियमाने तपासायला सहसा कोणी येत नाही. ती जबाबदारी घरमालकाची.

अर्थिंगची कहाणी तर जवळपास सगळ्याच घरांत सारखी आहे. सुरुवातीला दोन पिनांचे प्लग, अर्थिंगचा प्रश्नच नाही. फ्रिज, इस्त्री आली तेव्हा तीन पिनांचा सॉकेट बसवला आणि तिसरी तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधली. ते चालत होते, कारण पाइप जमिनीतून गेलेला होता. पुढे नळाचे पाइप प्लास्टिकचे झाले. सॉकेटला तिसरे भोक आहे, तार आहे, पाइपचा तुकडाही भिंतीत आहे, फक्त जमीन नाही. जिथे वेगळा खड्डा आहे तिथेही भूगोल आड येतो. पेडण्याचा सडा आणि डिचोलीची जमीन जांभ्याची. लाल मातीत लोह पुष्कळ, म्हणून ती वीज चांगली नेत असेल असा समज आहे. पण त्यातले लोह ऑक्साइडच्या रूपात आहे, आणि वीज वाहते ती मातीतल्या ओलाव्यातल्या क्षारांमुळे. एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा पडला की अर्थिंगचा रोध चढतो. म्हणून कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचे असते. ज्यांनी तो खड्डा खणला त्यांना हे माहीत होते. आज त्यावर पेव्हर घातलेले दिसतात.

यावर आजचा उपाय म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. घरासाठीच्या आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो एका सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. अर्थिंग नसलेल्या घरातही तो जीव वाचवू शकतो. पण जुन्या घरात तो बसवला की वारंवार पडतो, आणि आठवड्याभरात कोणीतरी तो बायपास करून देतो. कारण असे की तीन थरांच्या वायरिंगमध्ये एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या फेजला उसना दिलेला असतो, आणि ओल्या भिंतीतून थोडी गळती असतेच. आरसीसीबी पडतो म्हणजे तो खरे बोलत असतो.

पेडण्यातला मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. किनाऱ्यावर तर आधीपासूनच जुनी घरे पाहुण्यांना दिली जात होती. आता आतल्या गावांतही ती होमस्टे होताना दिसतात. खोलीला एसी आणि गिझर हवाच. जुन्या घराला उत्पन्न मिळणे आणि ते उभे राहणे यात आनंदच आहे. पण एसीची पांढरी वायर सागवानी पट्टीवरच्या ब्लॉकला जोडलेली पाहिली की रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय आठवते. ज्या वास्तूत ते होते, तो एकेकाळी पोर्तुगालच्या राजघराण्याचा वाडा. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री तो जळाला, आणि सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातला बहुतांश नष्ट झाला. तपासात आगीचा उगम तळमजल्यावरच्या सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रात सापडला. जुन्या वास्तूत नवे यंत्र, आणि त्याची जोडणी व देखभाल त्याच्या तोलाची नाही.

सगळे उपटून काढा, भिंती फोडून पाइप पुरा, असे मी म्हणणार नाही. मातीच्या भिंतीत खाच मारून ती सिमेंटने भरली की ओल आत अडकते आणि भिंत तिथूनच सुटते. जुन्यांची वाट इथे बरोबर होती. नवी तांब्याची वायर तुळईच्या कडेने, दिसेल अशी, लोखंडी पाइपमधून किंवा पट्टीवरूनच न्यावी. लोखंडी पाइप एवढ्यासाठी की माडीवरचे उंदीर प्लास्टिक कुरतडतात. गळक्या कौलांखालून नेऊ नये. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि गिझर-एसीला प्रत्येकी वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तार, वेगळ्या एमसीबीवर. पैसे कमी असतील तर पहिला खर्च नव्या अर्थिंगवर आणि आरसीसीबीवर, दुसरा रांदचीकूड आणि न्हाणीघर जुन्या वायरीवरून तोडण्यावर. वसरीतला दिवा आणखी काही वर्षे पट्टीवर राहिला, भार हलका असला आणि वायर मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राच्या, चाचणीत उतरली, तर चालेल.

खरी अडचण पैशाची नसतेच पुष्कळदा. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे घर सगळ्या वारसांचे. सात ते बारा कुटुंबे, निम्मी मुंबईत, मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर. मयेसारख्या गावात तर घराच्या मालकीचाच प्रश्न पिढ्यानपिढ्या टांगून राहिला. खर्च कोणी करायचा, भार वाढवून घ्यायच्या अर्जावर सही कोणाची, यात दहा वर्षे निघून जातात. म्हणून माझे सांगणे इतकेच. चवथीच्या आठवडाभर आधी परवानाधारक माणसाला बोलावून मेगर लावून घ्या. भिंती तेव्हा भिजलेल्या असतात, त्यामुळे आकडा खरा येतो. उन्हाळ्यात घेतलेला आकडा फसवा. ५०० व्होल्टवर तारा आणि जमीन यांच्यामधला रोध निदान एक मेगाओहम हवा. त्याखाली आलेल्या खोल्यांची नावे कागदावर लिहा. चवथीला माटोळीखाली सगळे भाऊ-बहिणी, काका-आत्या बसलेले असतात, मखराच्या माळा आणि सगळ्यांच्या शेगड्या त्याच मेन स्विचवर चाललेल्या असतात. तो कागद तेव्हाच सगळ्यांपुढे ठेवा, आणि मुंबईची गाडी सुटायच्या आत सह्या घ्या.