घरी जुळवलेला संगणक



बियाण्याची पिशवी घेताना पक्की पावती घ्या, लेबल असलेली बाजू न फाडता पिशवी खालून फोडा, आणि पावती, लेबल व मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा, असे मी गावोगावच्या सभांतून किती वर्षे सांगत आलो आहे याची गणती नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी फजिती आहे आणि ती या पावतीवरूनच झाली.

त्याचे असे झाले. सफाळ्याला माझा धाकटा भाऊ शेती करतो. भाजीपाला आणि थोडी पानवेल. त्याची मुलगी पालघरला कॉलेजात संगणकाचे शिक्षण घेते. दोन वर्षे तिने मोबाईलवर भागवले. पण बोटभर पडद्यावर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे नखाने लावणी करण्यासारखेच. शेवटी २०२३ च्या उन्हाळ्यात भावाने मिरची-वांग्याच्या पैशातून बत्तीस हजार बाजूला काढले आणि माझ्याकडे दिले. "दादा, तू शिकलेला. तूच बघ."

पुतणी म्हणाली, "काका, तयार नको. सुटे भाग आणू आणि घरी जुळवू." मला पटले. मोटारपंपाचे बेअरिंग गेले तर आपण बेअरिंग बदलतो, पंप टाकून देत नाही. जुळवलेल्या संगणकाचेही तसेच आहे. जो भाग गेला तो बदलायचा. शिवाय हे काम आपल्या माणसांना नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन यांच्या देखरेखीखाली आपल्याच इंजिनियरांनी एक अख्खा संगणक बांधला होता आणि तो १९६० साली चालू झाला. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' असे नाव दिले. तो खोलीभर होता. आपला टेबलाखाली मावतो, एवढाच फरक.

सुट्या भागांचा मोठा बाजार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येते. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आल्यामुळे सफाळ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या आपल्या बायकांच्या बरोबरच आम्ही निघालो. फक्त रविवार टाळा, बहुतेक दुकाने बंद असतात.

आता कोणते भाग लागतात ते पाहू. आकडेमोड करणारा तो प्रोसेसर. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड. एसएसडी म्हणजे आपली कणगी, तिथे माल कायम साठतो. रॅम म्हणजे खळे. कणगीतला माल कामापुरता खळ्यावर येतो, आणि वीज गेली की खळे साफ झाडल्यासारखे रिकामे. खळे लहान असले की कणगी कितीही मोठी असो, काम रखडतेच. म्हणून आम्ही रॅम आठ जीबीची घेतली आणि पुढे आणखी एक बसेल अशी जागा मोकळी ठेवली.

दोन ठिकाणी माणूस हमखास फसतो. पहिले म्हणजे प्रोसेसरच्या नावापुढचे अक्षर. आम्हाला इंटेलचा आय-३ १२१०० हवा होता. दुकानदाराने त्याहून स्वस्त दाखवला, नाव तेच, शेवटी फक्त 'एफ' हे अक्षर. पुतणीने लगेच नाही म्हटले. 'एफ'वाल्यात पडद्यावर चित्र उमटवायची सोय नसते, त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. म्हणजे स्वस्त घेऊन महाग पडणार. बियाण्याच्या पिशवीवरचे वाणाचे नाव जसे अक्षरन् अक्षर वाचतो, तसेच हे वाचायचे. दुसरे म्हणजे रॅमची जात. त्या मदरबोर्डाला डीडीआर-४ चालते की डीडीआर-५ हे खोक्यावर लिहिलेले असते. दोन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर करून बसवायला गेलात तर मोडेल.

सगळी खरेदी पावतीवर झाली. शेवटी उरला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली वीज घेऊन तो आतल्या भागांना हवी तशी बारीक करून देतो. पैसे संपत आले होते. गल्लीतल्या एका लहान दुकानात एक डबा निम्म्या किमतीत मिळत होता. दुकानदार म्हणाला, "बिल हवे असेल तर अठरा टक्के वर लागतील." मी म्हटले, राहू दे. पुतणी माझ्याकडे पाहत राहिली, पण काकांपुढे काय बोलणार?

त्याच रात्री ओटीवर चटई घालून जुळवणी सुरू केली. आधी कपाटाच्या लोखंडी हँडलला हात लावून घेतला, कारण अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग जाऊ शकतात. या जातीच्या प्रोसेसरला खाली पिना नसतात, त्या मदरबोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. तिथे बोट लागता कामा नये. वरचा पंखा चार खुंट्यांवर बसतो. एका अंगाच्या दोन आधी दाबू नका, कर्णाने समोरासमोरच्या दाबा, म्हणजे तो तिरका बसणार नाही.

साडेअकराला बटण दाबले. पंखे फिरले. पडदा मात्र काळा. भाऊ दारात उभा होता, काही बोलला नाही. पुतणीचा चेहरा उतरला. तासभर शोधल्यावर दोन चुका सापडल्या. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर जोडायची राहिली होती, आणि रॅम एका बाजूने अर्धीच बसली होती. रॅम दाबताना 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. वहिनींनी त्या वेळी चहा टाकला.

मग आला जून. एक दिवस ओले फडके फिरवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या पेटीला हात लावला की मुंग्या येतात." मी मनावर घेतले नाही. चार दिवसांनी संध्याकाळी गडगडाट झाला, वीज तीनदा गेली आणि आली. 'फट्' असा आवाज, जळका वास, आणि संगणक बंद. पुतणीचा कॉलेजचा प्रकल्प आत होता, द्यायला दोन दिवस उरले होते.

एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितले की फक्त एसएमपीएस गेला आहे, बाकी वाचले. दैव म्हणायचे. हलक्या डब्यात जादा दाब आला तर स्वतः बंद होण्याची सोय धड नसते, आणि तो जळताना मदरबोर्डही घेऊन जातो. मी डबा घेऊन मुंबईला गेलो. दुकानदाराने विचारले, "बिल?" मी गप्प. वॉरंटी मिळाली नाही. घरी आल्यावर भावाने विचारले, "दादा, पावती नव्हती का घेतली?" त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागले. नवा डबा मी माझ्या पैशाने आणला, '८० प्लस' अशी खूण असलेला, पावतीसकट. प्रकल्प एसएसडीत शाबूत होता, तो वेळेत गेला.

वहिनींना येणाऱ्या मुंग्यांचे कारणही तेव्हाच कळले. घराची अर्थिंग मेलेली होती. प्लगला तीन पिना होत्या, पण तिसरी कुठेच जात नव्हती. ओलसर जागी खड्डा घेऊन लोखंडी नळ, भोवती कोळसा आणि मीठ, असे वायरमनकडून नव्याने करून घेतले. पंपासाठी आपण हे करतो, घराचे मात्र विसरतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, कोरडा पडला तर उपयोग नाही. सोबत एक ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. वीज गेली की काम जतन करून संगणक नीट बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळतात, तेवढी पुरतात. गडगडाट सुरू झाला तर मात्र यूपीएसवर विसंबू नका, प्लगच काढा.

आपल्या किनारपट्टीला आणखी एक त्रास आहे, खाऱ्या दमट हवेचा. पावसाळ्यात संगणक आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चालला की आतली ऊब ओल धरू देत नाही. पेटीच्या मागची मोकळी भोके पत्रीने बंद करा, नाहीतर पाली आणि उंदीर आत जातात. आणि पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा.

आता पुतणी त्याच संगणकावर वाडीतल्या लोकांचे सातबारे काढून देते आणि अर्ज भरून देते. संगणकाच्या सगळ्या पावत्या भावाने खत-बियाण्याच्या पावत्यांच्या तारेत ओवल्या आहेत. तारीख पुसू नये म्हणून पुतणीने त्यांचे मोबाईलवर फोटोही काढून ठेवले आहेत, कारण दुकानातल्या पातळ कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.