रुग्णाईत बालकाची सुरक्षितता

रुग्णालयांत मूल बरें होतें तें कुशल डॉक्टरांमुळें, असें आपण समजतों. हें खरें आहे. परंतु तेवढेंच पुरेसें नाहीं. हें कसें, तें एका प्रसिद्ध रुग्णालयाच्या अनुभवावरून पाहूं.

लंडन शहरांत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट ह्या रस्त्यावर १८५२ सालीं डॉ. चार्ल्स वेस्ट ह्यांनीं केवळ बालकांसाठीं एक रुग्णालय काढलें. आरंभीं त्यांत अवघ्या १० खाटा होत्या. आज त्याची कीर्ति जगभर आहे. जन्मतःच हृदयांत दोष असलेल्या तान्ह्या मुलांवर तेथें शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे संकट टळलें, असें मात्र नव्हे. मुलास तेथून अतिदक्षता विभागांत न्यावयाचें असतें. श्वासाचें यंत्र, औषधांच्या नळ्या, हृदयाचे ठोके दाखविणाऱ्या तारा, हें सारें एका जागीं सोडवून दुसऱ्या जागीं जोडावें लागतें. शिवाय मुलाचा सर्व वृत्तांत नव्या मंडळींस सांगावयाचा असतो. जो तो आपल्या कामांत निष्णात. पण सारेच एकदम बोलूं लागले, कीं एखादी नळी जोडावयाची राहते, एखादी महत्त्वाची गोष्ट सांगावयाची राहते. हा दोष अज्ञानाचा नसून अव्यवस्थेचा होय.

तेथील शस्त्रवैद्य मार्टिन एलियट व अतिदक्षता विभागाचे डॉ. ॲलन गोल्डमन हे एकदां दीर्घ शस्त्रक्रियेनंतर थकून दूरचित्रवाणीवर मोटारींची शर्यत पाहत होते. धांवती मोटार मध्येंच थांबली, सेवकांनीं कांहीं सेकंदांत तिचीं चाकें बदललीं, आणि ती पुन्हां सुटली. गोंगाट नाहीं, धक्काबुक्की नाहीं. प्रत्येकाचें काम ठरलेलें, आणि इशारा देणारा एकच. हें पाहून त्यांनीं इटलींतील फेरारी कंपनीच्या शर्यतमंडळाचा व वैमानिकांचाही सल्ला घेतला, आणि नवी रीति घालून दिली. मूल येण्यापूर्वींच सर्व तयारी करावयाची; प्रथम यंत्रें व नळ्या जोडावयाच्या, मग वृत्तांत सांगावयाचा, आणि शेवटीं पुढील उपचार ठरवावयाचे. हें सर्व होईपर्यंत नेतृत्व भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे राहावयाचें.

फळ काय झालें? २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत जुन्या रीतीच्या २३ व नव्या रीतीच्या २७ प्रसंगांची तुलना आहे. दर प्रसंगीं यंत्रें व नळ्या ह्यांच्या बाबतींत सरासरी ५.४२ चुका होत, त्या ३.१५ वर आल्या. सांगावयाच्या राहिलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर आल्या. ह्यांत वेळही अधिक लागला नाहीं, उलट थोडा वांचला. चुका अगदीं नाहींशा झाल्या नाहींत. पण त्या मोजल्या गेल्या, म्हणूनच कमी झाल्या.

व्यवस्थेचें महत्त्व औषधाच्या मात्रेंतही दिसतें. मुलांचें औषध बहुधा वजनाच्या हिशेबानें देतात, आणि गणितांतील दशांशचिन्ह येथें प्राणाशीं खेळतें. ५.० असें लिहिलें आणि टिंब पुसट झालें, तर वाचणारा ५० वाचील. म्हणजे मात्रा दसपट! म्हणून नियम असा, कीं पूर्णांकापुढें टिंब व शून्य लिहूं नये. आणि अपूर्णांकापूर्वीं शून्य अवश्य लिहावें, जसें ०.५. धोक्याचें औषध देतांना दुसऱ्या व्यक्तीनेंही मात्रा ताडून पाहावी.

पालकांसही ह्यांत वांटा आहे. मुलाचें नुकतेंच केलेलें वजन आणि पूर्वीं एखाद्या औषधाची बाधा झाली असल्यास ती गोष्ट न विचारतांही डॉक्टरांस सांगावी. पातळ औषध घरच्या चमच्यानें न देतां सोबतच्या मापानेंच द्यावें. शंका आल्यास विचारण्यास संकोचूं नये. विचारणें हा अविश्वास नव्हे.

मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें डॉक्टर होतील, कोणी परिचारिका. विद्या तर संपादन कराच; पण आपलें काम दुसऱ्याच्या हातीं देतांना तें पूर्ण सांगून द्यावें, आणि आपली चूक दिसतांच ती न लपवितां बोलून दाखवावी, ही संवय आजपासून लावून घ्या. एखाद्या अबोल बालकाचा जीव त्या संवयीवर अवलंबून असेल.