सही घेतली म्हणजे संमती मिळाली का?

जयंतीच्या निमित्ताने अनेक मंडळे आणि विहार समित्या दिव्यांगांसाठी शिबिरे घेतात. युडीआयडी कार्डाची नोंदणी होते, कुबड्या, व्हीलचेअर दिल्या जातात. काम चांगलेच आहे. पण अर्जाच्या तळाशी ‘माझी माहिती वापरण्यास हरकत नाही’ असे एक वाक्य असते. त्याखाली सही किंवा अंगठा घेतला जातो आणि संध्याकाळी लाभार्थ्यांची यादी फोटोसह व्हॉट्सॲपवर फिरते. नाव, मोबाईल नंबर, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, सगळे उघड!

यात जाते काय? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल आहे, मानसिक आजारही आहे. विदर्भात सिकलसेलचा प्रश्न आपल्या समाजाला जवळून माहीत आहे. मुलीच्या नावापुढे हा शब्द लिहिलेली यादी नात्यागोत्यात पोहोचली तर लग्नाची बोलणी थांबतात. मानसिक आजाराची नोंद कळली तर भाड्याची खोलीही मिळत नाही. एकदा फिरलेली माहिती परत गोळा करता येत नाही.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

संमती कशी घ्यावी?

• कोणती माहिती, कोणाला, कशासाठी द्यायची आणि ती किती काळ ठेवायची, हे आधी सांगावे.
• नोंदणीची संमती वेगळी, फोटोची वेगळी घ्यावी.
• फोटोला नकार दिला तरी व्हीलचेअर मिळेल, हे स्पष्ट बोलून दाखवावे. मदत अडेल या भीतीने दिलेला होकार मुक्त नसतो.
• अंध व्यक्तीला पूर्ण अर्ज वाचून दाखवावा. कर्णबधिर व्यक्तीसाठी सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी बोलवावा. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीशी सोप्या वाक्यांत, चित्रे दाखवून बोलावे. मग ‘तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे.
• संमती मागे घ्यायची असल्यास कोणाला सांगायचे, ते नाव आणि नंबर लिहून द्यावा.

आईवडिलांची सही चालते का?

मूल १८ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते. त्यानंतर मात्र केवळ दिव्यांग आहे म्हणून व्यक्तीचा अधिकार पालकांकडे जात नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ दिव्यांगांना इतरांइतकीच कायदेशीर क्षमता देते. पुरेसे साहाय्य देऊनही निर्णय घेणे शक्य नसेल, तेव्हा कलम १४ खाली मर्यादित पालकत्व मिळू शकते. तेही रीतसर आदेशाने, आणि त्यात पालकाने त्या व्यक्तीसोबत मिळून निर्णय घ्यायचा असतो. घरच्यांनी परस्पर ‘हो’ म्हणणे यात बसत नाही.

जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांना आवश्यक ती माहिती लगेच द्यावी. पण उपचाराला लागेल तेवढीच.

‘आम्ही काही खोटे छापले नाही,’ असे कार्यकर्ते म्हणतात. अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी बोलण्याची कसोटी केवळ सत्यापुरती ठेवलेली नाही. ते हितकारक आहे का आणि त्याची वेळ योग्य आहे का, हेही त्यांनी पाहायला सांगितले. संविधानाची उद्देशिका प्रत्येक व्यक्तीच्या प्रतिष्ठेची हमी देते. मदत घ्यायला आलेला माणूस ती प्रतिष्ठा दाराबाहेर ठेवून येत नाही. पुढच्या शिबिराचा मांडव घालण्याआधी अर्जातले ते एक वाक्य काढून टाकावे आणि तिथे वरील प्रश्न छापावेत.