घाटातली एसटी आणि भाटघरची भिंत

भोरहून महाडला जाणारी एसटी वरंधा घाट उतरू लागली की उभ्या प्रवाशांचे हात आपोआप वरच्या दांड्याकडे जातात. गाडी डावीकडे वळते, माणसं उजवीकडे कलंडतात. वळणावर गाडी बाहेर फेकते, असंच सगळे म्हणतात. खरं तर बाहेर फेकणारं तिथे काहीच नसतं. प्रवाशाचं शरीर सरळ चाललेलं असतं आणि सरळच जाऊ पाहतं. त्याच्या पायाखालची गाडी तेवढी वळते. यालाच जडत्व म्हणतात आणि न्यूटनचा पहिला नियम तो हाच. न्यूटनने 1687 साली आपल्या ग्रंथात तो मांडला. बाहेरून असंतुलित बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहते.

पहिलं अर्धं वाक्य कुणालाही पटतं, दुसरं पटत नाही. रोजचा अनुभव सांगतो की ढकलणं थांबवलं की गाडी थांबते, म्हणजे चालत राहायला जोर लागतोच. त्या थांबण्यामागे रस्त्याचं आणि हवेचं घर्षण असतं, पण ते दिसत नाही म्हणून आपण ते हिशेबात धरत नाही. बल लागतं ते गती बदलायला. ही एक गोष्ट नीट बसली की गतीच्या नियमांतलं बाकीचं बरंच सोपं होतं, असं मला वाटतं.

किती बदलायला किती बल, हे दुसरा नियम सांगतो: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. दांडा धरून उभा असलेला प्रवासी 60 किलोचा आणि वळणाची त्रिज्या 20 मीटर धरू. गाडी ताशी 18 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 5 मीटरने वळली, तर त्याला गाडीबरोबर वळवायला 75 न्यूटन बल पुरतं. साडेसात किलोची पिशवी उचलायला लागतं साधारण तेवढं. चालकाने त्याच वळणावर ताशी 36 चा वेग ठेवला तर? वेग दुप्पट, पण बल चौपट: 300 न्यूटन. वेगाचा वर्ग येतो म्हणून असं होतं.

प्रवाशाला हे बल दांड्याकडून आणि बुटाखालच्या पत्र्याकडून मिळतं. गाडीला कुठून मिळणार? फक्त टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणातून. भरलेली एसटी 15 टनांची धरली तर ताशी 36 ला 75,000 न्यूटन बल हवं, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मं. कोरडा रस्ता एवढं देऊ शकतो. ओल्या, चिखलाने माखलेल्या रस्त्याचा भरवसा नाही. स्थिर घर्षणाचा स्वभावच असा आहे की गरज असेल तेवढंच ते देतं, पण एका हद्दीपर्यंत. हद्द ओलांडली की टायर घसरतो, आणि गाडीही प्रवाशासारखीच सरळ जाऊ पाहते. घाटात सरळ म्हणजे कठड्याकडे.

याच उतारावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 15 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर खाली, असा उतार असेल तर 15 टनांच्या गाडीला सुमारे 1 टन वजनाएवढा जोर सतत खाली ओढतो. तरी चालक खालच्या गिअरमध्ये गाडी एका वेगाने उतरवतो. वेग बदलत नाही, याचा अर्थ बेरीज शून्य आहे. उताराची ओढ एकीकडे, इंजिनाचा आणि ब्रेकचा अडसर दुसरीकडे. म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणं घातक आहे. इंजिनाचा अडसर गेला की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो आणि तापून तापून त्याची पकड सुटते.

भोरजवळच वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. ब्रिटिश काळातलं हे दगडी धरण, उंची सुमारे 58 मीटर, लांबी 1,600 मीटरच्या वर. इथे काहीच हलत नाही, तरी बलांची केवढी गर्दी! पाण्यात 1 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला 1 टन दाब असतो, 50 मीटर खोलीवर 50 टन. सरासरी 25 टन धरा. म्हणजे पाणी 50 मीटर खोल असेल, तर भिंतीच्या 1 मीटर लांबीच्या कापावर 1,250 टनांचा रेटा येतो. जलाशय मागे किती लांब पसरला आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. भिंतीला चिकटून हातभर रुंदीचं पण तेवढंच खोल पाणी असतं, तरी रेटा तेवढाच असता. पहिल्यांदा ऐकताना हे खोटं वाटतं, पण दाब ठरवते ती फक्त खोली.

आता तिसरा नियम. पाणी भिंतीला ढकलतं तेवढ्याच बलाने भिंत पाण्याला ढकलते. ही दोन बलं एकमेकांना खोडत नाहीत, कारण एक भिंतीवर लागतं आणि दुसरं पाण्यावर. भिंत स्थिर राहते ती भिंतीवरच लागणाऱ्या बलांच्या जोरावर: पुढून पाण्याचा रेटा, खालून खडकाची पकड. आणि ती पकड येते वजनातून. समजा पाया 40 मीटर रुंद आहे आणि काप त्रिकोणी आहे. तर त्या 1 मीटर कापाचं वजन 2,700 टनांच्या आसपास भरतं. म्हणूनच अशा धरणाला भारस्थायी धरण म्हणतात.

मात्र पाणी पायाखालच्या फटींतही शिरतं आणि भिंतीला वर उचलू पाहतं. आपल्या काल्पनिक भिंतीत ही उचल 1,000 टनांपर्यंत जाऊ शकते. तेवढं वजन खडकावरून कमी झालं की पकडही त्या प्रमाणात ढिली होते. म्हणून मोठ्या धरणांच्या पोटात हे पाणी निचरून काढायची सोय करतात.

हाच हिशेब डोंगराला लागू पडतो. 30 अंशांच्या उतारावर 1 टनाचा मातीचा थर अर्ध्या टनाच्या जोराने खाली सरकू पाहतो आणि घर्षण त्याला वर्षानुवर्षं धरून ठेवतं. भोर-वेल्ह्याचा पाऊस लागला की माती पाणी पिऊन जड होते, म्हणजे ओढ वाढते. त्याच वेळी थराखाली साठलेलं पाणी त्याला किंचित उचलतं, म्हणजे पकड घटते. दोन्ही बदल एकाच दिशेने जातात. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद करावा लागतो, त्यामागे हे गणित आहे. वरचा पाऊस उघडला तरी आतलं पाणी निचरायला वेळ लागतो, आणि तोवर दरड येण्याचा धोका कायम असतो.