केळ्याच्या सालीला शिसं का चिकटतं?

खानदेशात हायवेच्या कडेला वेफरवाल्याची गाडी दिसली, की दोन मिनिटं थांबून बघाच. कच्चं केळं सोललं, किसणीवर धरलं, की सर्र सर्र चकत्या थेट कढईत! तेलात पडतात न पडतात तोच पिवळ्याधमक होऊन वर येतात. सगळ्यांचं लक्ष कढईकडं असतं. माझं अलीकडं गाडीखाली जातं. तिथं हिरव्या सालींचा ढीग साठलेला असतो. संध्याकाळी तो शेळ्यांपुढं पडतो, नाहीतर उकिरड्यावर.

त्याच सालींनी नदीचं पाणी साफ करून दाखवलंय, ठाऊक आहे?

ब्राझील देशातही केळी खूप पिकतात. तिथल्या गुस्तावो कास्त्रो नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी केळ्याच्या साली बारीक केल्या आणि पाराना नदीचं पाणी त्यांच्यावर सोडलं. पाण्यात विरघळलेलं शिसं आणि तांबं त्या सालीच्या चुऱ्यानं धरून ठेवलं. तोच चुरा ११ वेळा वापरला, तरी त्याची पकड ढिली झाली नाही. २०११ साली त्यांनी हे जगाला सांगितलं.

असं का होतं? गवतातून चाललात की कुसळं कपड्यांना चिकटतात ना, तसंच काहीसं. पाण्यात विरघळलेल्या शिशाच्या प्रत्येक कणावर धन विद्युतभार असतो. केळ्याच्या सालीत काही आम्लं असतात आणि त्यांच्या टोकांवर ऋण भार असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. शिसं सालीजवळून जायला लागलं, की अडकलंच. (पण म्हणून घरच्या माठात साल टाकू नका हं! ती कुजेल आणि पाणी पिण्याजोगं राहणार नाही. प्रयोगशाळेतलं काम मोजूनमापून चालतं.)

नदीचं पाणी निदान दिसतं तरी. गढूळ झालं, फेस आला, वास आला तर कळतं. जळगाव जिल्ह्यात वरणगावजवळ तापी नदीवर हतनूरचं धरण आहे. पावसाळ्यात तापीला पूर आला आणि धरणाचे ४१ दरवाजे उघडले, की माणसं मुद्दाम बघायला जातात. पण वरणगावच्या केळीच्या बागेत तुम्ही उभे राहता तेव्हा तुमच्या पायाखालीही पाणी चाललेलं असतं. ते बघायला कुणी जात नाही, कारण ते दिसतच नाही.

विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल खाली काय काय लागतं. वर काळी माती. मग पिवळी. मधेच चुनखडीचे खडे. मग वाळू, गोटे, पुन्हा चिकण माती. हा सगळा तापीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. तापीकाठच्या पट्ट्यात काही ठिकाणी तो शेकडो फूट जाड आहे. वाळूच्या कणांमधल्या बारीक बारीक फटींत पाणी भरलेलं असतं आणि ते सरकत असतं. किती वेगानं? चिकण मातीतून वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर, जाड्या वाळूतून दिवसाला फार तर मीटरभर. गोगलगायीशी शर्यत लावली तर गोगलगाय केव्हाच जिंकून झोपी जाईल! म्हणूनच जमिनीखालचं पाणी एकदा बिघडलं, की ते सुधारायला वर्षानुवर्षं लागतात. नदी पुरात धुऊन निघते. जमिनीखाली पूर येत नाही.

आता एक प्रयोग करू या. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, कारण यातला रंग हाताला लागला की चार दिवस जात नाही.

प्लॅस्टिकची बाटली मधोमध कापा. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. तोंडाशी कापसाचा बोळा ठेवा. आता त्यात शेतातली काळी माती भरायची. पण नुसती नको. काळी माती भिजली की फुगते आणि चिकट होते, मग पाणी उतरतच नाही. म्हणून निम्मी रेती मिसळा. आधी दोन-तीन पेले साधं पाणी ओतून माती धुऊन घ्या. मग एक पेला पाण्यात जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाचे, म्हणजे जेन्शियन व्हायोलेटचे, दोन थेंब टाका आणि चमचाभर मीठ विरघळवा. ते जांभळं पाणी मातीवर हळूहळू ओता आणि वाट बघा.

खाली ठिबकणारं पाणी कसलं असेल? जांभळं? नाही! जांभळा रंग मातीतच राहतो. आता ते पाणी एका काळ्या ताटलीत घेऊन उन्हात ठेवा. चाखून बघायचं नाही, एक थेंबही नाही. पाणी वाळलं, की ताटलीत पांढरे कण चमकायला लागतील. मीठ खाली आलं!

रंग अडला आणि मीठ सुटलं. जमीन बिघडते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: बिघडवणारा पदार्थ चिकटणारा आहे की सटकणारा? काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, अगदी केळ्याच्या सालीसारखा. जांभळ्या रंगावर धन भार, म्हणून तो अडकला. शिसंसुद्धा असंच. ते सांडलं तर बहुतेक वेळा वरच्या वीतभर मातीत बसून राहतं.

सटकणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे नायट्रेट.

केळीचं झाड फार खादाड. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळा संपताना लावलेली कांदेबाग, घड भरायचा तर त्याला नायट्रोजन भरपूर लागतो. शेतकरी युरिया देतात. मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मुळं ते पितात. पण मुळांना लागतं त्याहून जास्त दिलं, किंवा दिल्यावर लगेच मोठा पाऊस आला, तर उरलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघतं. नायट्रेटवरही ऋण भार आणि मातीवरही ऋण, मग त्याला धरणार कोण? ते उतरत उतरत विहिरीपर्यंत पोचतं. गोठ्याचं आणि संडासाचं झिरपलेलं पाणीही त्यात भर घालतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत जळगाव जिल्ह्यातल्या काही विहिरींमध्ये नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं आहे. ही मर्यादा म्हणजे एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ते फार वाईट. त्याच्या रक्ताला पुरेसा प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि बाळ निळसर पडायला लागतं. आणि हे घरी नक्की सांगा: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच उरतं, म्हणजे ते आणखी दाट होतं.

मग ते काढायचं कसं? इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

मातीत काही जिवाणू असे आहेत, की त्यांना हवा मिळाली तर ते आपल्यासारखा प्राणवायू घेऊन जगतात. हवा मिळाली नाही तर आपण गुदमरू. ते गुदमरत नाहीत. ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि त्यावर जगतात! उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांतून हवेत सोडून देतात. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच तर आहे, त्यात आणखी थोडा. विहिरीतलं विष गेलं आणि जिवाणूंचंही भागलं.

त्यांना हव्यात दोनच गोष्टी: हवाबंद जागा आणि खाऊ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या शेतांच्या कडेला लांब खंदक खणतात, त्यात लाकडाच्या चिपा भरतात आणि वरून माती टाकतात. शेतातून निथळणारं पाणी त्या खंदकातून जातं. चिपा पाण्यात बुडलेल्या, म्हणून हवा नाही. चिपा म्हणजेच खाऊ. जिवाणू आपले आपण येतात, त्यांना आमंत्रण लागत नाही. एक खंदक कितीतरी वर्षं चालतो.

जिवाणूंची आणखी एक कामगिरी ऐका. २४ मार्च १९८९ या दिवशी अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन वाल्डीझ’ नावाचं जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. किनाऱ्यावरचे दगडगोटे काळे झाले. तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर आधीपासूनच होते. पण नुसतं तेल खाऊन त्यांची वाढ होईना, कारण तेलात नायट्रोजन जवळजवळ नसतो. मग लोकांनी काय केलं? दगडांवर चक्क खत फवारलं! जिवाणू वाढले आणि तेल भराभर फस्त करायला लागले. बघा हं, इथं विहिरीत नायट्रोजन नको म्हणून आपण धडपडतोय आणि तिथं तोच औषध झाला.

शिशापुढं मात्र जिवाणूंचं फारसं चालत नाही. तेलाचा रेणू तोडता येतो, शिसं तोडून दुसरं काही होत नाही. ते शिसंच राहतं. त्याला एक तर उचलून न्यायचं किंवा जागच्या जागी जखडायचं, एवढंच हातात असतं.

उचलून न्यायचं काम काही झाडं करतात. फोडणीतली मोहरी ओळखीची आहे ना? तीसुद्धा मातीतलं शिसं मुळांवाटे ओढून घेते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर एका तळ्यावर तरंगत्या तराफ्यांवर सूर्यफुलं लावली होती, पाण्यातले किरणोत्सारी पदार्थ शोषायला. आणि एक नेचा आहे, जो आपल्याकडं जुन्या विहिरींच्या दगडी बांधकामात ओलीला उगवतो. तो आर्सेनिक नावाचं जहर पानांत साठवतो आणि तरीही हिरवागार राहतो. हे २००१ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात लक्षात आलं. अशा झाडांची पानं कापून सांभाळून वेगळी ठेवावी लागतात. ती गुरांना घातली, तर सगळी मेहनत वाया. काम मात्र फार सावकाश होतं, पिकामागून पीक घ्यावं लागतं.

जखडायचं काम कोण करतं? लोखंडाचा कीस! लेथ मशीनखाली पडतो ना, तसा. अमेरिकेत एलिझाबेथ सिटी या गावी जमिनीखालच्या पाण्यात क्रोमियम धातूचा विषारी प्रकार मिसळला होता आणि ते पाणी नदीकडं सरकत होतं. १९९६ साली त्याच्या वाटेत जमिनीखाली लोखंडाच्या किसाची भिंत घातली, ४६ मीटर लांब. भिंत म्हटली तरी ती पाण्याला अडवत नाही, पाणी तिच्यातून आरपार जातं. जाता जाता लोखंड स्वतः गंजतं आणि त्या विषारी क्रोमियमचं साध्या क्रोमियमात रूपांतर करतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, तिथंच बसतं. पंप नाही, वीज नाही, माणूसही लागत नाही. गंज म्हणजे नुसती नासाडी, असं मलाही वाटायचं!

आता आपल्या महाराष्ट्रात या. वरणगावहून भुसावळकडं जाताना दीपनगरच्या उंच चिमण्या दिसतात. तिथं कोळसा जाळून वीज करतात. अशा प्रत्येक वीज केंद्रात राखेचे डोंगर साठतात. त्या राखेत नायट्रोजन नाही, सेंद्रिय काही नाही. बी टाकलं तरी झाड नीट वाढत नाही. नागपूरला नीरी ही पर्यावरणाचा अभ्यास करणारी संस्था १९५८ पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नागपूरजवळ खापरखेड्याला अशाच राखेच्या ढिगावर झाडं वाढवली, आणि गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगावरही. त्यांनी काय घातलं? शेणखत. साखर कारखान्यात उरणारा प्रेसमड. हवेतला नायट्रोजन धरून देणारे जिवाणू. आणि झाडाच्या मुळांशी मैत्री करणारी एक बुरशी, जी मुळांना लांबून पाणी आणून देते. एकेकाळी जिथं नुसती धूळ उडायची, तिथं सावली पडली.

शेणखत, बुरशी, गंजका कीस, लाकडाच्या चिपा, केळ्याची साल. मोठमोठी यंत्रंही आहेत बरं का: पाणी उपसून गाळणारी, माती धुणारी, माती भट्टीत तापवून त्यातला पारा उडवून लावणारी. तीही लागतातच. पण मला या साध्या वस्तूंचंच जास्त अप्रूप वाटतं, कारण त्या आपल्या अंगणात पडलेल्या आहेत.

आता एक काम तुमच्यासाठी. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पिण्याच्या पाण्याच्या जागांची वर्षातून दोनदा पाहणी होते, पावसाळ्याआधी आणि नंतर. धोका जास्त असेल तर गावाला लाल कार्ड मिळतं, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. गावात एक जलसुरक्षक असतो. पाण्याचे नमुने तोच प्रयोगशाळेत पाठवतो. त्याला गाठा. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे आणि आपल्या विहिरीत एका लिटरला किती मिलिग्रॅम नायट्रेट निघालं, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर वहीत तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन विचारा.