पेशीपटलाची घडण : मेदाम्लांचा स्वीकार आणि निवड

प्रस्तावना

प्रत्येक सजीव पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी भरते. १९२५ साली गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासावरून हे पटल लिपिडांच्या दुहेरी थराचे असावे, अशी कल्पना मांडली. पुढे १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी हा थर प्रवाही असल्याचे प्रतिपादन केले. पटलातील प्रथिने हलती राहिली तरच पदार्थांचे वहन आणि संदेशांचे ग्रहण सुरळीत चालते; म्हणून प्रवाहिता हा पेशीच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

पटलातील प्रमुख घटक म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूस एक जलस्नेही शीर्ष व सामान्यतः दोन जलविरोधी शेपट्या असतात. या शेपट्या म्हणजेच मेदाम्ले होत. स्टिअरिक, ओलेइक व लिनोलेइक या तिन्ही आम्लांत कार्बनचे १८ अणू असतात. तथापि त्यांचे वितळबिंदू अनुक्रमे सुमारे ६९°, १३° व उणे ५° सेल्सिअस आहेत. पहिल्यात दुहेरी बंध नाही, दुसऱ्यात एक, तर तिसऱ्यात दोन आहेत. दुहेरी बंधापाशी साखळीस बाक येतो आणि रेणू एकमेकांस घट्ट चिकटून बसू शकत नाहीत. हिवाळ्यात तूप थिजते पण करडईचे तेल थिजत नाही, याचे कारण हेच. साहजिकच प्रश्न उद्भवतो : आहारातून येईल ते मेदाम्ल पेशी मुकाट्याने पटलात बसवते, की त्यात निवड करते?

प्रवेश व सक्रियीकरण

रक्तात मुक्त मेदाम्ले अल्ब्युमिन या प्रथिनास चिकटून वाहतात. ती पटलातून आपोआप झिरपतात की सीडी-३६ सारखी प्रथिने त्यांना आत घेतात, यावर दीर्घकाळ वाद झाला आहे. निर्णायक टप्पा मात्र आत शिरल्यानंतरचा आहे. तेथे अॅसिल-को-ए सिंथेटेज हे विकर मेदाम्लास को-एन्झाइम ए ची जोड देते. या क्रियेत एटीपीचे दोन उच्चऊर्जा बंध खर्ची पडतात आणि मेदाम्ल पेशीत अडकून राहते. कारण जोड लागलेला हा रेणू पटल ओलांडून बाहेर जाऊ शकत नाही. पुढे तो ऊर्जेसाठी जाळला जातो, चरबी म्हणून साठवला जातो किंवा पटलाच्या बांधणीस लागतो.

घडण आणि फेरघडण

१९५० च्या दशकात यूजीन केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉस्फोलिपिडे नव्याने कशी तयार होतात, हे उलगडले. ग्लिसरॉल फॉस्फेटवर दोन मेदाम्ले चढतात, फॉस्फेट निघून जाते आणि कोलीनसारखे शीर्ष जोडले जाते. परंतु पटलात प्रत्यक्ष आढळणारी फॉस्फोलिपिडे एवढ्याने समजत नाहीत. त्यांच्या पहिल्या स्थानी बहुधा संपृक्त, तर दुसऱ्या स्थानी असंपृक्त मेदाम्ल असते. १९५८ मध्ये विल्यम लँड्स यांनी दाखवून दिले की, रेणूचा सांगाडा कायम ठेवून त्यावरील मेदाम्ले स्वतंत्रपणे बदलली जातात. फॉस्फोलिपेज विकर दुसऱ्या स्थानचे मेदाम्ल कापून टाकते आणि अॅसिलट्रान्सफरेज गटातील विकर तेथे दुसरे बसवते. मधल्या अवस्थेतील एक शेपटीचा रेणू साबणासारखा वागतो व साचल्यास पटल फोडू शकतो. त्यामुळे रिकामी जागा त्वरित भरणे भाग असते.

निवड होते ती येथे. या गटातील काही विकरांची जनुके २००६ नंतर ओळखली गेली, तेव्हा प्रत्येकाची आवडनिवड वेगळी असल्याचे दिसले. एलपीकॅट-३ हे विकर लिनोलेइक व अॅराकिडोनिक आम्लास प्राधान्य देते, तर फुप्फुसातील एलपीकॅट-१ संपृक्त पामिटिक आम्ल निवडते. श्वासकोश मिटू न देणाऱ्या द्रव्यास त्याचीच गरज असते.

या यंत्रणेचे बोलके उदाहरण म्हणजे परिपक्व तांबडी रक्तपेशी. तिला केंद्रक नाही, आंतर्द्रव्यजालिका नाही. नवे मेदाम्ल तयार करण्याची क्षमताही नाही. तरीही आपल्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती रक्तद्रवातील मेदाम्ले सक्रिय करून पटलात बसवत राहते. म्हणूनच तिच्या पटलाचे विश्लेषण केल्यास व्यक्तीच्या गेल्या काही महिन्यांतील आहाराचा अंदाज बांधता येतो.

निवडीची मर्यादा

जे मुळात मिळालेलेच नाही, ते निवडता येत नाही. १९२९ मध्ये जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनी मेदरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची त्वचा खवलेदार झाली, वाढ खुंटली आणि अखेर ते दगावले. सस्तन प्राण्यांच्या पेशी साखळीच्या नवव्या कार्बनापलीकडे दुहेरी बंध घालू शकत नाहीत. त्यामुळे लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक आम्ल आहारातूनच मिळावे लागते. लिनोलेइक आम्लाचा अभाव असल्यास पेशी ओलेइक आम्लापासून मीड आम्ल बनवते व त्याने जागा भरते. बाक साधला जातो, पण अॅराकिडोनिक आम्लापासून तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने त्यातून मिळत नाहीत. रक्तात मीड आम्ल वाढणे हे अभावाचे लक्षण मानले जाते, ते यामुळेच.

मेंदू व दृष्टिपटलास डीएचए हे सहा दुहेरी बंधांचे मेदाम्ल मोठ्या प्रमाणात लागते. २०१४ मध्ये सिंगापूर येथील संशोधकांनी दाखवले की, एमएफएसडी-२ए हे प्रथिन डीएचए मेंदूत नेते, मात्र मुक्त स्वरूपात नव्हे, तर एक शेपटीच्या फॉस्फोलिपिडाच्या रूपात. महाराष्ट्राच्या आहाराच्या दृष्टीने यात एक अडचण आहे. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल विपुल असले तरी मानवी शरीरात त्याचे डीएचएमध्ये रूपांतर अत्यल्प होते. त्यातही करडई-सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलेइक आम्ल त्याच विकरासाठी स्पर्धा करते. कोकणातील मत्स्याहारी व्यक्तीस मात्र डीएचए तयारच मिळते.

तथापि असंपृक्तता वाढवत नेणे निर्धोक नाही. दुहेरी बंध जितके अधिक, तितका ऑक्सिडीकरणाचा धोका अधिक. २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असे नाव मिळालेल्या पेशीमृत्यूत लोहाच्या साहाय्याने पटलातील बहुअसंपृक्त शेपट्याच बिघडतात. अशा मेदाम्लांना सक्रिय करणारे एसीएसएल-४ हे विकर काढून टाकल्यास पेशी या मृत्यूस दाद देत नाहीत. आणि बाहेरून ओलेइक आम्ल पुरवल्यासही त्यांना संरक्षण मिळते, असे प्रयोगांत आढळले आहे.